पहिला हात आपला, हजेरी कुणाची?

(कल्याण पूर्वेत वस्तीतल्या युवक कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय, फक्त शिव्या तेवढ्या काढल्यात.)



मला वाटलं कविता वाचायला बोलावलंय. मग निरोप आला की विषय आहे 'आपत्ती व्यवस्थापन'. म्हणजे पालिकेची कंट्रोल रूम, फायर ब्रिगेड, बोट, पंप, ढिगाऱ्याखालून माणूस काढणं. आपल्या वस्तीतली पोरं 'आपदा मित्र'चे फॉर्म भरतायत, कोणी कंत्राटावर पावसाळ्यापुरतं लागतंय. जायचं का नाय, असा प्रश्न आहे. मी गोदीतला हमाल, शिक्षण मॅट्रिक. पण या विषयाची सुरुवातच गोदीत होते, म्हणून उभा राहिलो.

१४ एप्रिलला आपण निळा झेंडा लावतो, रात्रभर नाचतो. त्याच दिवशी देशातला प्रत्येक फायर ब्रिगेडवाला सलामी देऊन उभा असतो. का? १४ एप्रिल १९४४. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खात्याचे मंत्री, त्रेपन्नावा वाढदिवस. आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टायकिन' नावाची बोट पेटलेली. तिच्या पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा, आणि कराचीत चढवलेला कापूस. एकाच पोटात दारूगोळा आणि कापूस! दुपारी आग लागली, चार वाजून गेले आणि पहिला धमाका झाला, अर्ध्या तासात दुसरा. फायर ब्रिगेडचे ६६ जण गेले. त्यांच्यासाठी आजही अग्निशमन दिन पाळतात. पाळायलाच पाहिजे, ते आग विझवताना मेले.

पण माझ्या मनात दुसरंच येतं. ६६ हा आकडा पक्का आहे. गोदीतली, आजूबाजूची, माल वाहणारी जी माणसं मेली त्यांचा आकडा 'सुमारे'. कुठल्या पुस्तकात सातशे, कुठे आठशे, कुठे हजाराच्या वर. ज्याची हजेरी नाय त्याचं मरणही 'सुमारे' असतं. हे लक्षात ठेवा, आजच्या विषयाचा हाच गाभा आहे.

आता आपल्या इकडं या. ४ एप्रिल २०१३, शिळफाटा, लकी कंपाउंड. सात मजले बेकायदा उभे. खालच्या मजल्यांवर माणसं आणून बसवलेली, म्हणजे पाडायला कुणी येऊ नये. वर काम चालूच, मजूर बायका-पोरांसकट तिथंच राहायला. संध्याकाळी पत्त्यासारखी बसली. ७४ माणसं. नंतर पालिकेचे अधिकारी, पोलीस अटकेत गेले. मला सांगा, अशा इमारतीत रात्री किती माणसं झोपतात हे कंट्रोल रूमच्या कुठल्या कागदावर असणार? तिथं उतरणाऱ्या जवानाला कुणी सांगायचं की जिन्याखालच्या खोलीत पाच जण होते? शेजारचाच सांगतो.

ही सगळी यंत्रणा कशी चालते ते बघा. फोन वाजतो, १०१ नाहीतर पालिकेचा नंबर. ऑपरेटर लिहून घेतो, गाडी सुटते, मोठं प्रकरण असलं तर जिल्ह्याला कळवतात. एनडीआरएफची आपल्या भागाची बटालियन पुण्याच्या बाजूला, तळेगावजवळ सुदुंबऱ्याला. पावसाळ्यात त्यांच्या तुकड्या पुढं आणून ठेवतात, तरी घाट, ट्रॅफिक, आपले रस्ते. म्हणून ठाणे पालिकेनं स्वतःचं दल उभं केलं, टीडीआरएफ. ती पोरं २०२० ला भिवंडीच्या जिलानी इमारतीवर होती, २०२३ ला इरशाळवाडीच्या डोंगरावर होती. चांगलं काम केलं, मी उगाच नावं ठेवणार नाय. पण पहिल्या तासात सगळ्यात आधी कुणाचा हात लागतो? २०१५ ला ठाकुर्लीत मातृकृपा पडली, आठवड्याभरात नौपाड्यात मध्यरात्री कृष्णा निवास पडली. २०२१ ला कळव्याच्या घोलाईनगरात डोंगर घरावर आला, पाच जण गेले. अशा ठिकाणी पहिला हात गल्लीतल्या माणसाचा असतो. त्या हाताला हातमोजा नसतो, पगार नसतो आणि अहवालात त्याला 'स्थानिक नागरिक' म्हणतात.

आता जरा थांबून एका विहिरीबद्दल बोलतो. आपल्याच कल्याण पूर्वेची, नेतिवलीची. १ नोव्हेंबर २०१८. एक माणूस विहीर साफ करायला उतरला, वर आला नाय. त्याला बघायला दुसरा गेला, मग तिसरा, बाप आणि मुलगा. मग फायर ब्रिगेड आली, दोन जवान उतरले. पाचही गेले. एका विहिरीत पाच प्रेतं.

गोदीत आम्ही बोटीच्या होल्डमध्ये उतरतो. बंद होल्डमध्ये लोखंडाचं भंगार असलं की ते गंजताना हवेतला ऑक्सिजन खातं. ओला कोळसा असला तरी तीच गत. धान्याला कीड लागू नये म्हणून औषध मारलेलं असतं, त्याचा गॅस वेगळा. वरून बघाल तर उजेड आहे, शिडी आहे, सगळं ठीक. दहा पायऱ्या उतरलात की पाय लटपटतात आणि ओरडायलाही दम राहत नाय. आमच्या टोळीतल्या एका म्हाताऱ्यानं पहिल्याच पाळीला सांगितलेलं, खाली कुणी पडलेला दिसला तर आधी स्वतःचा पाय मागं घे. मला तेव्हा तो माणूस निर्दयी वाटला. आता वाटतो की त्यानं मला दहा वेळा जन्म दिला.

गटारातला आणि अशा विहिरीतला गॅस म्हणजे बहुतेक हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा वास. पण तो जास्त झाला की नाकच मारतो, वास येईनासा होतो. माणसाला वाटतं गॅस गेला, आणि तो उतरतो. तोंडाला ओला रुमाल बांधून काय होत नाय. साधा मास्कही चालत नाय, कारण तिथं गाळायला हवाच नसते. पाठीवर हवेचा सिलिंडर पाहिजे, ज्याला फायरवाले बीए सेट म्हणतात. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोर वर तिपाईला, आणि वर दोन माणसं फक्त त्या दोरावर. त्याआधी मीटर खाली सोडून हवा बघायची. एवढंच शास्त्र आहे. मॅट्रिकवाल्याला समजतं ते.

गेल्या वर्षी आमच्या ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, उतरा रे, काय होत नाय. आमची टोळी हॅचच्या कडेला बसून राहिली. मीटर आणा, मग उतरतो. दीड तास गेला. मीटर आला, हवा बघितली, पंखा लावला, उतरलो. आठवड्याच्या शेवटी अर्ध्या दिवसाची मजुरी कापलेली. कापली तर कापली, आकडा मोजायला आम्ही सगळे जिवंत होतो.

आता आपला मुद्दा. गटारात जो विनासाधन उतरतो त्याला सफाई कामगार म्हणतात. तो बेशुद्ध पडल्यावर त्याच खड्ड्यात जो सिलिंडर लावून उतरतो त्याला बचाव पथक म्हणतात. खड्डा एकच, गॅस एकच, मग सिलिंडर दुसऱ्याच्याच पाठीवर का? पहिल्याला आधीच दिला असता तर दुसऱ्याला बोलवायची पाळी कशाला आली असती? २०१३ चा कायदा सांगतो, गटारात असं जीवघेणं उतरवायचं नाय. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या म्हटलं, ऑक्टोबर २०२३ ला ते ३० लाख केले. ३० लाखांत किती मीटर आणि किती दोर येतात, घरी जाऊन हिशेब करा. आणि गटारात उतरणारा कोणत्या जातीचा असतो ते मी इथं सांगायची गरज नाय, तुमच्यातले निम्मे त्याच घरातले आहात. मीपण.

कायद्याचं आणखी एक. डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. तमिळनाडूत नागपट्टणमच्या बाजूला दलित कुटुंबांना मदत छावण्यांतून हाकललं, पाण्यापासून लांब ठेवलं. समुद्रानं सगळ्यांना सारखं बुडवलं, माणसांनी पुन्हा वेगवेगळं केलं. मग २६ जुलै २००५, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, इकडं उल्हास आणि वालधुनी घरात. त्या वर्षाच्या डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याचं कलम ६१ पाठ करा. मदत आणि नुकसानभरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश, धर्म यावरून भेदभाव करायचा नाय, असं स्पष्ट लिहिलंय. ज्या देशात असं लिहावं लागतं तो देश कसा आहे ते बाजूला ठेवा. लिहिलंय ना? मग वालधुनीच्या काठी पंचनामा करायला माणूस गल्लीच्या तोंडावरूनच परत गेला की हे कलम त्याच्या हातात द्या.

आणि २०२५ च्या दुरुस्तीनं महापालिकेच्या शहरांसाठी वेगळं नागरी आपत्ती प्राधिकरण आणलं. अध्यक्ष आयुक्त, उपाध्यक्ष जिल्हाधिकारी, बाकीचे सदस्य राज्य सरकार नेमणार. ठाणेही त्यात, कल्याण-डोंबिवलीही त्यात. बाकीचे सदस्य कोण? बिल्डर? निवृत्त साहेब? की नाल्याकाठची एक बाई आणि एक सफाई कामगार? ही मागणी आत्ता नाय केली तर खुर्च्या भरून जातील.

आपत्ती कशाला म्हणायचं हेही वरच ठरतं. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्याच्या मध्ये लोकलमधून एकदम माणसं पडली, चार जागीच नाहीतर लगेच गेली, तेव्हा देशभर बातमी. रोज एकेक पडतो ती आपत्ती नाय, ती सवय. डोंबिवलीत २०१६ ला प्रोबेस फुटली, १२ मेले. घातक कंपन्या पाताळगंगेला हलवू अशी घोषणा झाली. २०२४ च्या मे महिन्यात अमुदान फुटली. पुन्हा तीच घोषणा. काचा झाडायला मात्र झाडूवाल्यांना लगेच बोलावलं.

तर जायचं का? माझं म्हणणं, जा. ट्रेनिंग घ्या, दोर बांधायला शिका, सीपीआर शिका, बोट चालवायला शिका. जे ज्ञान सरकारी पैशानं मिळतंय ते सोडायचं नाय. पण फुकट राबायचं नाय. बारा दिवसांचं ट्रेनिंग आणि एक जॅकेट देऊन पावसाळाभर उभं करतील आणि ऑक्टोबरात विसरतील, याला सेवा म्हणू नका. फॉर्म भरताना चार गोष्टी विचारा. विमा कुणाच्या नावानं, हजेरी कुठल्या रजिस्टरला, साधन कोण देणार, आणि भरती निघाली की या दिवसांची गणती होणार का. उत्तर तोंडी घेऊ नका, कागदावर घ्या.

आणखी एक, धोकादायक इमारतींचं. पावसाळ्याआधी यादी लागते. सी-१ म्हणजे ताबडतोब खाली करा. नोटीस भिंतीवर चिकटते आणि माणूस हलत नाय. साहेब म्हणतात, लोक अडाणी. अडाणी नायत. भाडेकरूला ठाऊक आहे की एकदा बाहेर पडलो की खोली गेली. त्याला मरणाची भीती कमी आणि फूटपाथची जास्त वाटते, कारण फूटपाथ त्यानं बघितलाय. म्हणून खाली करण्याआधी खोलीचं मोजमाप सही-शिक्क्यानिशी मागा, आणि कुठं नेणार ते जागेच्या नावासकट मागा.

मी एक दोनशे पानी वही आणलीय. अशोकनगर, कचोऱ्याची टेकडी आणि नेतिवली, तीन वस्त्या आधी घेऊ. घरटी एक ओळ. किती माणसं झोपतात, अंथरुणाला खिळलेलं कोण, गरोदर कोण, रात्रपाळीला कोण, पाणी कुठल्या पायरीपर्यंत येतं. नावं फक्त वस्तीच्या वहीत, पालिकेला फक्त आकडे. टेकडीवर पहिल्या रविवारी मी असेन, माझी पाळी सोमवारी आहे. दुसऱ्या रविवारला अजून कुणाचं नाव नाय. पेन मागच्या बाकावरून फिरवत पुढं आणा.