धातू कोरण्याची विद्या
(सुवर्णमहोत्सवानिमित्त सांवेर येथे दिलेले व्याख्यान)



उत्सवाच्या व्यासपीठावरून लोखंडाच्या कामाविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु आपल्या गावाच्या रस्त्याचे नाव घेऊन सांवेर रोडची औद्योगिक वसाहत इंदुरास उभी आहे. आपल्या घरांतील मुले अशा कारखान्यांत कामाला जातात. ती तेथे काय करतात, हे आईबापांना ठाऊक असावे, म्हणून हा विषय घेतला.

वेल्डिंग म्हणजे जोडणे, हे सर्वांना माहीत आहे. पण चांगला सांधा हवा असेल तर आधी काढून टाकता आले पाहिजे. ट्रॉलीचा सांधा तडकला की घाईचे गिऱ्हाईक म्हणते, "वरून एक टाका मारून द्या." वरून धातू चढतो, पण आतली चीर तशीच राहते आणि ओझे पडताच पुन्हा वर येते. किडलेला दात कोरल्यावाचून कोणी त्यात चांदी भरीत नाही, तोच न्याय येथे लागू आहे.

हे कोरणे पूर्वी छिन्नी-हातोड्याने चाले. निकोलाय बेनार्दोस यांनी १८८१ साली कार्बनच्या कांडीचा विजेचा आर्क जोडकामास लावला. पुढे १९४० च्या दशकात अमेरिकेत त्या आर्कला दाबलेल्या हवेची जोड मिळाली आणि 'गाउजिंग' रूढ झाले. यातली कांडी कार्बन व ग्राफाइटची असून तिच्यावर बहुधा तांब्याचा मुलामा असतो. होल्डरमधून वीज आणि हवा दोन्ही येतात. आर्कने धातू वितळतो आणि दर चौरस इंचास सुमारे ८० पौंड दाबाची हवा तो रस तत्क्षणी उडवून देते. मागे स्वच्छ चर उरतो. त्याची रुंदी कांडीच्या जाडीहून सुमारे ३ मिलिमीटर अधिक असते. गॅस कटर लोखंड ऑक्सिजनमध्ये जाळून कापतो, त्यामुळे स्टेनलेसपुढे त्याचे काही चालत नाही. येथे धातू केवळ वितळवायचा असल्याने स्टेनलेसही कोरता येते.

मात्र हवा आधी सोडावी, आर्क मागाहून पेटवावा. हवा अपुरी पडली किंवा कांडी कामाला टेकली, तर कार्बन चरात मुरतो. तेथला धातू कडक व ठिसूळ होतो आणि नव्या सांध्यात पुन्हा चीर धरते. टायर भरण्याच्या लहान कॉम्प्रेसरचा दाब थोड्याच वेळात उतरतो. तेवढ्यावर हे काम करण्यापेक्षा ग्राइंडर बरा. गाउजिंग नीट झाले तरी शेवटी चर घासून चकचकीत करावाच.

आता घरच्या माणसांसाठी. या कामाचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. अशा आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. ती हळूहळू जाते, म्हणून लवकर ध्यानातही येत नाही. मुलगा रेडिओ मोठा लावू लागला, हाका मारून उत्तर देईनासा झाला, तर त्याला उर्मट म्हणण्यापूर्वी त्याचे कान तपासून घ्या. ठिणग्या दहा मीटरपर्यंत उडतात, म्हणून पँटचे पाय दुमडलेले नसावेत आणि जवळ तेलाची चिंधी नसावी. धुरात तांब्याचे कण व कार्बन मोनॉक्साइड असतो. बंद टाकीत हवा खेळती ठेवल्यावाचून हे काम करू नये. डोळ्यांना गडद काचेचा मुखवटा आणि कानांना संरक्षक हवेतच.

विश्वस्तांना माझी एक विनंती आहे. होतकरू मुलाला आयटीआयसाठी मदत द्याल, तेव्हा तिच्याबरोबर कानांचे संरक्षक द्या आणि दर वर्षी त्याची श्रवणतपासणी करवा. खर्च थोडा आहे. त्या मुलाला म्हातारपणी नातवंडांचे बोबडे बोल ऐकू आले, तर या मदतीचे सार्थक झाले असे मी समजेन.