हुकमाची सवय

हुकूमशाही हा शब्द उच्चारताच एका व्यक्तीचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते: उंच व्यासपीठावर एकटा बोलणारा नेता आणि समोर मूक जनसमुदाय. परंतु हे चित्र अपुरे आहे. हुकूम देणारा एक असतो, पाळणारे हजारो असतात. त्या हजारोंच्या अंगी निमूटपणे पाळण्याची सवय आधीच मुरलेली नसेल, तर त्या एकट्याच्या हुकमाला कागदापलीकडे किंमत उरत नाही.

भारताने याचा अनुभव घेतला आहे. २५ जून १९७५ च्या रात्री पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या सल्ल्यावरून राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या उद्‌घोषणेवर सही केली. केंद्रीय मंत्रिमंडळासमोर हा विषय आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. निर्णय होऊन गेल्यावर संमती मागण्यात आली, आणि ती मिळाली. पुढील एकवीस महिन्यांत एक लाखाहून अधिक लोकांना अटक वा स्थानबद्धता भोगावी लागली. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी पुष्कळ सक्तीच्या होत्या.

ही सक्ती कोणाच्या हातून घडली? काही राज्यांत प्राथमिक शिक्षकांनाही शस्त्रक्रियेसाठी माणसे आणण्याचे उद्दिष्ट ठरवून देण्यात आले, आणि ते पुरे न झाल्यास त्यांचे पगार रोखण्यात आले. जो गुरुजी काल मुलांना अक्षरे शिकवीत होता, तोच आज त्यांच्या बापाला शोधीत निघाला. तो क्रूर नव्हता. वरून आदेश आला होता, एवढेच. १९७७ साली नेमलेल्या शहा आयोगापुढे जी हकिगत आली, तीतही हेच दिसते. अनेक अधिकाऱ्यांनी केवळ तोंडी आदेशांवरून माणसे पकडली, घरे पाडली. लेखी आदेश मागण्याइतका साधा प्रश्नही पुष्कळांना सुचला नाही, किंवा सुचला तरी विचारवला नाही.

ही सवय एका रात्रीत जडत नाही. घरात एखादे मूल ‘का?’ असे विचारते आणि त्याला उत्तर मिळते, ‘मी सांगतो म्हणून’. सून बोलू लागते आणि तिला गप्प बसविण्यात येते. वर्गात शंका विचारणारा विद्यार्थी उद्धट ठरतो. कचेरीत साहेबांच्या मताला मान डोलावणारा कारकून विश्वासू समजला जातो. विशेष म्हणजे, वरच्यापुढे वाकणारा हाच मनुष्य आपल्याहून खालच्यापुढे ताठ होतो. साहेबांचे बोलणे ऐकून आलेला कारकून दारातील शिपायावर ओरडतो, आणि शिपाई घरी जाऊन बायकोवर. शिस्त आणि शरणागती या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. शिस्तीला कारण सांगता येते आणि तिच्याविरुद्ध दाद मागता येते. शरणागतीत या दोहोंनाही जागा नसते.

सामर्थ्यवान नेत्यांनाही हा धोका दिसला होता. १९३७ साली कलकत्त्याच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात ‘चाणक्य’ या टोपणनावाने एक लेख प्रसिद्ध झाला. जवाहरलाल नेहरूंच्या ठायी हुकूमशहा होण्याजोगे गुण आहेत, तेव्हा सावध राहावे, असा त्याचा आशय होता. लेखक होते स्वतः नेहरू. पुढे संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले की धर्मातील भक्तीने मुक्ती लाभत असेलही, पण राजकारणातील विभूतिपूजा अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते.

कायद्याने धडा घेतला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून त्या जागी ‘सशस्त्र बंड’ असे शब्द घातले, उद्‌घोषणेसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक केला आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही अबाधित ठेवला. परंतु कायदा कागद बदलतो. मन बदलण्याचे काम त्याच्याने होत नाही.

मन न वाकविणारेही त्या काळात होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी निर्णय दिला की आणीबाणीत स्थानबद्ध व्यक्तीला सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी एकट्याने विरोधी मत लिहिले. १९७७ च्या जानेवारीत सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावलण्यात आले आणि त्यांनी राजीनामा दिला. २०१७ साली त्याच न्यायालयाने बहुमताचा तो निर्णय चुकीचा ठरविला आणि खन्नांचे मत ग्राह्य मानले. त्यास चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला.

एवढे धैर्य प्रत्येकाकडून अपेक्षिता येत नाही. परंतु मुलाच्या ‘का?’ला कारण सांगणे, सुनेचे म्हणणे पुरते ऐकून घेणे, आणि अन्यायाचा तोंडी हुकूम आला असता ‘हे लिहून द्या’ असे म्हणणे एवढे कोणालाही करता येईल. लोकशाहीचे शिक्षण मतपेटीपाशी सुरू होत नाही. ते घराच्या उंबऱ्याआतच सुरू व्हावे लागते.