नाटक, परीक्षण आणि आपण
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



अशा मंगल प्रसंगी गौरवाचे चार शब्द बोलावेत, असा प्रघात आहे. ते कार्य माझ्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने केले आहे. मला मात्र मंडळाच्या इतिहासातील एक अप्रिय प्रसंग आठवतो. त्यातील दोषाचा वाटा माझ्याकडेही येतो, म्हणूनच तो सांगण्याचा मला अधिकार आहे, असे मी मानतो.

१९८१ सालच्या गणेशोत्सवात आपण पु. ल. देशपांडे यांचे 'तुझे आहे तुजपाशी' सादर केले. काकाजींची भूमिका माझ्याकडे होती. कचेऱ्या सुटल्यावर दोन महिने तालमी चालल्या. पडद्यांपासून फराळापर्यंत सारे भगिनीवर्गाने सांभाळले. सभागृह भरले, टाळ्या पडल्या, आणि आम्ही कृतार्थ झालो.

पुढे मंडळाच्या चक्रमुद्रित त्रैमासिकात एका सभासदाचे परीक्षण आले. त्यात तीन आक्षेप होते. प्रॉम्प्टरचा आवाज नटांपेक्षा मोठा होता, हा पहिला. नाटक इंदूरचे असूनही काकाजींच्या बोलण्यात हिंदी वळणाच्या त्या मराठीचा मागमूस नव्हता. परप्रांतात हयात काढलेल्या आम्हांला तरी ती ढब साधावयास हवी होती, हा दुसरा. आणि अखेरीस आचार्य आपले मन मोकळे करतात तेथे प्रेक्षक हसले, याचा दोष आचार्यांना आरंभापासून विदूषक करणाऱ्या आमच्याकडे जातो, हा तिसरा.

यावर जे वादळ उठले ते जुन्या सभासदांना स्मरत असेल. "घरचेच नाटक, त्याला परीक्षण कसले?" असे कोणी म्हणाले. "स्वतः कधी रंगमंचावर पाऊल ठेवले आहे काय?" असे दुसऱ्याने विचारले. कार्यकारिणीच्या सभेत क्षमायाचनेची मागणी झाली. ती करणाऱ्यांत मी होतो. यापुढे अंकात परीक्षण न छापता केवळ वृत्तांत छापावा, असा ठराव संमत झाला. ते गृहस्थ एका शब्दानेही उलटून बोलले नाहीत. पुढच्या गणेशोत्सवात मात्र ते कुटुंब आले नाही. नैवेद्याचे एकवीस मोदक दरवर्षी त्यांच्याच घरून येत असत.

नंतर सुमारे दहा वर्षे आपल्या प्रत्येक नाटकाचा वृत्तांत 'प्रयोग अत्यंत रंगला' या वाक्याने संपत असे. प्रयोग रंगत होते की नाही, हे रिकाम्या खुर्च्यांना ठाऊक होते.

ज्या कोलकात्यात आपण राहतो, तेथील रंगभूमीचा इतिहास मी पुढे वाचू लागलो, तेव्हा एका घटनेने मला खजील केले. ७ डिसेंबर १८७२ रोजी जोडासांको येथे मधुसूदन सान्याल यांच्या वाड्यात बागबाजारच्या हौशी तरुणांनी दीनबंधू मित्र यांचे 'नीलदर्पण' तिकिटे लावून सादर केले. संस्थेचे नाव त्यांनी 'नॅशनल थिएटर' ठेवले. त्यांचा जुना सोबती गिरिशचंद्र घोष याला हे मान्य नव्हते. इतक्या तोकड्या सामग्रीवर एवढे मोठे नाव धारण करून पैसे घेणे गैर, असे म्हणून तो बाहेर पडला, आणि सोबत्यांची टर उडविणारे एक गीतही त्याने रचले. तरीही १८७३ च्या फेब्रुवारीत मायकेल मधुसूदन दत्त यांच्या 'कृष्णकुमारी'त भीमसिंहाची भूमिका याच गिरिशचंद्राने त्याच मंडळींबरोबर केली. बंगाली रंगभूमीचा पुढचा कालखंड त्याच्या नावाने ओळखला जातो. त्याला कायमचे दूर लोटले असते, तर हानी कोणाची झाली असती?

आपली अडचण मी जाणतो. महानगरातील नट आणि समीक्षक यांची दुसऱ्या दिवशी गाठ पडतेच असे नाही. आपल्याकडे मात्र नट, प्रेक्षक आणि परीक्षक एकाच पंगतीला बसतात. परगावी माणसे आधीच थोडी, म्हणून त्यांना दुखवू नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण आम्हांला न दुखविण्याच्या नावाखाली आपण त्या एका कुटुंबाला दुखविलेच. ज्याने आमचे नाटक घरगुती करमणूक न मानता नाटक म्हणून पाहिले, तोच आम्हांला परका वाटला.

परीक्षकानेही एक पथ्य पाळावे. दोष दाखवून त्याने दूर उभे राहू नये. पुढच्या तालमीला येऊन बसावे. आणि आपण त्याची खुर्ची मांडून ठेवावी.

ते गृहस्थ आज हयात नाहीत. ते असेतोपर्यंत मी त्यांच्या दाराशी गेलो नाही, याची खंत मला आहे. तो अंक मी जपून ठेवला आहे. त्यातील तिन्ही आक्षेप खरे होते. १९८१ सालचा तो ठराव अद्याप कागदोपत्री कायम आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात तो रद्द करावा, अशी माझी कार्यकारिणीस नम्र विनंती आहे.