पायातली अँजिओप्लास्टी : यश कशाला म्हणायचं?



अँजिओप्लास्टी म्हटलं की आपल्याला हृदय आठवतं. पण हा उपचार सुरू झाला तो पायापासून. १६ जानेवारी १९६४ रोजी, अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात. ८२ वर्षांच्या एका आजींच्या पायाला गँगरीन झालं होतं. सर्जन पाय कापायला सांगत होते आणि आजी ठाम नकार देत होत्या. तेव्हा चार्ल्स डॉटर या क्ष-किरणतज्ज्ञांनी मांडीतल्या अरुंद झालेल्या धमनीत बारीक तार घातली आणि तिच्यावरून आधी एक, मग तिच्याहून जाड अशा नळ्या सरकवून वाट रुंद केली. थंड पडलेला पाय ऊबदार झाला, वेदना थांबल्या. त्यानंतर सुमारे अडीच वर्षं आजी जगल्या, स्वतःच्या दोन्ही पायांवर चालत. पुढे १९७४ मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी नळीला फुगा जोडला, तोही आधी पायासाठीच. हृदयाची पाळी आली १९७७ मध्ये.

आता रुग्ण विचारतात, "डॉक्टर, हे किती दिवस टिकेल?" ओटीपोटातल्या मोठ्या धमनीत परिणाम बहुधा वर्षानुवर्षं टिकतो. मांडीत कमी टिकतो. गुडघ्याखाली, विशेषतः मधुमेह असलेल्यांच्या बारीक, चुना साचलेल्या धमन्यांमध्ये, वर्षभरात पुन्हा अरुंदपणा येणं नेहमीचं आहे. फुग्याने ताणलेली भिंत परत आकसते, आणि तिथली जखम भरताना आतून नवा थर वाढतो.

म्हणून उपचार वाया गेला का? मुळीच नाही. चिघळलेली जखम भरायला रक्त जास्त लागतं. भरलेली कातडी टिकवायला त्याहून पुष्कळ कमी. धमनी काही महिने जरी मोकळी राहिली आणि तेवढ्यात जखम भरली, तर पुढे ती अरुंद होऊनही पाय अनेकदा वाचतो. माझ्या मते यश मोजायचं ते पायावर, क्ष-किरणांच्या चित्रावर नव्हे.

फुगा की बायपास, म्हणजे बहुधा पायातलीच शीर जोडून रक्ताला दिलेली पर्यायी वाट, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. पाय गमावण्याचा धोका असलेल्या ४५२ रुग्णांवरचा ब्रिटनमधला अभ्यास २००५ मध्ये आला. सुरुवातीला दोन्हींचे निकाल सारखे होते. दोन वर्षांपुढे जगलेल्यांत बायपासचं पारडं जड झालं. २०२२ मधल्या मोठ्या अभ्यासात पायाची शीर चांगली असेल तर बायपास सरस ठरला. २०२३ मध्ये, गुडघ्याखालच्या आजारात, आधी फुगा वापरलेल्या गटात मृत्यू कमी झाले. तेव्हा रुग्णाचं वय, हृदय आणि शीर पाहूनच ठरवावं लागतं.

चालताना फक्त पोटऱ्या भरून येत असतील, तर फुग्याची घाई नको. दुखेपर्यंत चालणं, थांबणं, पुन्हा चालणं, हा नियमाने केलेला व्यायाम खरोखर गुण देतो. विडी, सिगारेट, तंबाखू सोडल्याशिवाय मात्र कुठलाच उपचार टिकत नाही.

आणि पायाची जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर घरी मलम लावत बसू नका. जखम लाल होऊन सुजली, ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. घरात कुणाला पाय कापायचा सल्ला मिळाला असेल, तर डॉक्टरांना एवढं जरूर विचारा : धमन्यांची तपासणी झाली आहे का?