गारगोटीतले सोने आणि त्याचा शोध



गेटसभेत बोलण्याची आम्हांला सवय आहे. व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभे राहण्याची नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण मागावर, कामगारांच्या कज्ज्यांत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा एका कामगार संघटनेच्या माणसाने सोन्याच्या खाणीवर बोलायचे ठरवले, याचे आपणांस नवल वाटणे साहजिक आहे. म्हणून आधी कारण सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतले सात जुने कामगार आमच्याकडे आले. गिरणी बंद पडून बराच काळ लोटला होता, थकलेली देणी नुकतीच हाती पडली होती. त्यांच्याबरोबर एक गृहस्थ होते. त्यांनी पिशवीतून एक पांढरा दगड काढला. त्यात पिवळे ठिपके चमकत होते. बरोबर प्रयोगशाळेचा कागद होता : टनाला ऐंशी ग्रॅम सोने. खाण निघणार, आता भाग घेतील त्यांचे कल्याण होणार, असे सांगणे होते. कामगारांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "कागदावर शिक्का आहे, तेव्हा खरे असावे."

ते सातजण आमच्या शब्दावर गेले. पैसे परत आले नाहीत. दगड मात्र आमच्या कचेरीत राहिला. गृहस्थ तो न्यायला आले नाहीत. मालकाच्या ताळेबंदातील खोट काढण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला एका दगडाने बनवले, ही गोष्ट मनाला फार लागली. त्यानंतर आम्ही या विषयाची पुस्तके वाचू लागलो, जाणत्यांना विचारू लागलो, आणि एकदा रायचूरकडे जाऊनही आलो. जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवतो.

सोलापुराहून मद्रास लाइनीने दक्षिणेला निघालात तर खिडकीतून एक पुस्तक उलगडत जाते. पहिली पाने काळी. आपण राहतो तो काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. गुलबर्गा मागे पडल्यावर शहाबाद येते. आपल्या घरोघरच्या शहाबादी फरशा तिथल्या. तो चुनखडीचा दगड आपल्या काळ्या पाषाणाहून कितीतरी जुना. पुढे यादगीरला मोठमोठे गोलाकार धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे दिसू लागतात. हा ग्रॅनाइट आणि त्याच्या भावंडांचा प्रदेश. पंढरीची आपली भीमा त्याच भागात कृष्णेला मिळते. प्रवास काही तासांचा, पण काळ अडीचशे कोटी वर्षांचा.

या अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडकांत मधूनमधून काळपट हिरव्या खडकांचे लांब अरुंद पट्टे आहेत. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने या खडकांना धारवाडचे नाव दिले. त्यांपैकी एक पट्टा रायचूर जिल्ह्यात हट्टीपासून मस्कीपर्यंत जातो. लिंगसुगूर तालुक्यातील हट्टी येथे आजही सोन्याची खाण चालू आहे. सोलापूरकरांना सर्वांत जवळची सोन्याची खाण तीच.

आता प्रश्न असा की सोने तिथेच का?

भूपृष्ठाच्या सामान्य खडकात टनामागे सोने असते सुमारे चार मिलिग्रॅम. खोल खाणीला परवडायला टनाला साधारण चारएक ग्रॅम लागतात. म्हणजे निसर्गाने कुठेतरी हजारपट गोळाबेरीज करून ठेवली पाहिजे. आणि चार ग्रॅम म्हणजे तरी किती? एक तोळा सोन्यासाठी तीन टन दगड फोडून पिठासारखा दळायचा! आपल्या भगिनींच्या गळ्यातील एकेका मण्यामागे किती दगड फुटला, याचा यावरून अंदाज करावा.

ही गोळाबेरीज कशी होते ते सांगतो. चादरींची एक उंच थप्पी घ्या आणि वरचा भाग एका बाजूला, खालचा दुसऱ्या बाजूला ढकला. मधल्या चार-सहा चादरी घसरतील, ताणल्या जातील, चुरगळतील. बाकीची थप्पी तशीच राहील. पृथ्वीच्या पोटात खडकांचे दोन प्रचंड भाग एकमेकांवरून असेच सरकतात, तेव्हा मधला अरुंद भाग पिळवटून निघतो. तिथला घट्ट खडक पापुद्र्यापापुद्र्यांचा होतो. या भागाला शास्त्रात कर्तन पट्टा म्हणतात.

असा पट्टा म्हणजे खोलवरच्या पाण्याला वाट. काही किलोमीटर खाली तापलेले पाणी फार मोठ्या दाबाखाली असते. त्यात गंधक विरघळलेले असते, सिलिका असते, आणि गंधकाचा हात धरून सोन्याचा अंशही असतो. दाब वाढत जातो, खडक तडकतो, पाणी फटीत घुसते, दाब एकदम उतरतो. मग सिलिका साकळून पांढऱ्या गारगोटीने फट बुजते. पुन्हा दाब, पुन्हा तडा, पुन्हा गारगोटी. असे शेकडो वेळा झाल्यावर गारगोटीची शीर वहीच्या पानांसारखी थरावर थर अशी बनते. भोवतालच्या हिरव्या खडकात लोह असते. ते पाण्यातले गंधक ओढून घेते आणि सोने निराधार होऊन तिथेच बसते. म्हणून सोने गारगोटीत सापडते तसे तिच्या कडेच्या पिळवटलेल्या खडकातही सापडते. हट्टीला अशा अनेक शिरा जवळजवळ उभ्या आणि एकमेकींना समांतर आहेत.

मग आपल्या शेतात नांगराला लागते ती गारगोटी? ती लाव्हातील बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे साकळलेली. तिच्यामागे ना पिळवटलेला पट्टा, ना तशा खोल पाण्याची वाट. दिसायला पांढरी म्हणून ती हट्टीच्या गारगोटीची बहीण होत नाही. महाराष्ट्रात नागपूर-भंडाऱ्याकडच्या जुन्या खडकांत भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याला सोन्याचे अंश मिळाले आहेत. पण अंश मिळणे वेगळे आणि खाण चालणे वेगळे.

हट्टीचा पहिला शोध आजच्या शास्त्रज्ञांनी लावलेला नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अनामिक खाणकामगार तिथे सहाशे फुटांहून अधिक खोल उतरले होते. ना सुरुंग, ना पंप, ना वीज. दगडाशी लाकडे रचून पेटवायची, तापून तडकलेला खडक छिनीने काढायचा. त्या धुरात किती माणसे गुदमरली असतील? त्यांच्या जुन्या खड्ड्यांनी आणि धातुक दळण्याच्या दगडी उखळांनीच पुढच्या संशोधकांना वाट दाखवली.

इतिहासाची आणखी एक गंमत पाहा. १९१५ साली बीडन नावाचा सोन्याच्या खाणींवरचा एक अभियंता मस्कीच्या टेकड्यांत हिंडत होता. त्याला एका खडकावर अक्षरे दिसली. तो सम्राट अशोकाचा लेख निघाला. तोवर माहीत असलेल्या लेखांत राजा स्वतःला 'देवांचा प्रिय', 'प्रियदर्शी' म्हणवी. मस्कीच्या लेखात 'अशोक' हे नाव स्पष्ट आले. सोने शोधणाऱ्याला इतिहासाचे सोने लाभले! मौर्यांची दक्षिणेकडील सुवर्णगिरी याच मुलखात असावी, असे काही विद्वानांचे मत आहे.

इंग्रज कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी हट्टीची खाण चालवली आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सोडली. १९४७ साली निजामाच्या राज्यात नवी कंपनी निघाली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत रायचूर जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि त्याबरोबर खाणही. आज ती कर्नाटक सरकारच्या कंपनीची आहे.

आता शोध कसा घेतात ते पाहू. हा भाग आपण नीट ऐकावा, कारण आमचे सात कामगार इथेच बुडाले.

प्रथम माणसे पायी हिंडतात. खडकांचा नकाशा करतात, पिळवटलेला पट्टा कोठून कोठे जातो ते पाहतात. ओढ्यांतील वाळू पाटीत धुऊन सोन्याचे कण शोधतात. आपल्या सराफकट्ट्यावर झारेकरी सोनारांच्या दुकानापुढची माती धुऊन पोट भरत, तीच ही विद्या. हट्टीकडे सोन्याबरोबर आर्सेनिक असते. म्हणून मातीत आर्सेनिक वाढलेले दिसले की तो माग धरतात.

मग पट्ट्याला आडवे चर खणतात. चराच्या भिंतीवर सारख्या रुंदीची, सारख्या खोलीची खाच पाडून तिचा सगळा चुरा नमुना म्हणून घेतात. चमकणारा भाग उचलायचा आणि बाकीचा टाकायचा, याला मुभा नाही.

त्यानंतर भोके घेतात. पोकळ नळीच्या तोंडाशी हिरेकण्या बसवलेल्या असतात. ती फिरत खाली जाते आणि आतून दगडाची अखंड कांडी वर येते. कांड्या पेटीत ओळीने ठेवून प्रत्येकीवर खोली लिहितात. शीर उभी असते, म्हणून भोक तिरपे घालून तिला छेदावे लागते. इथेही फसगत आहे. उभ्या शिरेला जमिनीशी साठ अंशांनी घातलेले भोक भेटले आणि कांडीत चार मीटर गारगोटी मिळाली, तर शिरेची खरी जाडी दोनच मीटर. चार सांगणारा खोटे बोलत नसेल, पण खरेही सांगत नाही.

पुढे कांडी उभी चिरतात. अर्धी तपासायला जाते, अर्धी पेटीत राहते. प्रयोगशाळेत चुरा शिशाच्या भस्माबरोबर भट्टीत वितळवतात. शिसे सोने-चांदी गोळा करून तळाशी बसते. मग हाडांच्या राखेच्या मुशीत ते शिसे शोषले जाते आणि मागे टिकलीएवढा मणी उरतो. नत्राम्लाने त्यातली चांदी काढली की उरलेले सोने तोलायचे. प्रयोगशाळेच्या नकळत मधूनमधून सोने मुळीच नसलेले आणि सोने किती ते आधीच ठाऊक असलेले नमुनेही घुसडतात. परीक्षकाचीही परीक्षा झाली पाहिजे.

इतके सगळे कशासाठी? सोने शिरेत सारखे पसरलेले नसते म्हणून. चिवड्याची एक मूठ घ्या : दहा शेंगदाणे येतील. दुसरीत एकही नाही. पहिल्या मुठीवरून पिंपभर चिवड्याचा हिशेब कोण करील? आमच्या त्या गृहस्थांनी तेच केले होते. कागदावरचा आकडा खराही असेल. पण तो एका दगडाचा होता, जमिनीचा नव्हता. शिवाय पुढे आम्ही तो दगड एका वृद्ध सोनाराला दाखवला. त्यांनी पिवळा कण ऐरणीवर ठेवून हातोडी मारली. सोने असते तर चपटले असते. त्याची काळी पूड झाली आणि गंधकाचा वास आला. लोखंड-गंधकाचे पायराइट होते ते. पाच मिनिटांची परीक्षा. पण ती आम्ही आधी केली नव्हती.

फसणारे आमच्यासारखे अडाणीच असतात असे नाही. ब्रे-एक्स नावाच्या एका कॅनडातील कंपनीने इंडोनेशियात बोर्निओ बेटावर बुसांग येथे जगातला मोठा सोन्याचा साठा सापडल्याचे जाहीर केले. तिच्या भागांची किंमत अब्जावधी डॉलरांवर गेली. १९९७ साली दुसऱ्या कंपनीने शेजारी भोके घालून पाहिले, तर सोने नगण्य. नमुन्यांच्या चुऱ्यात बाहेरचे सोने मिसळलेले होते. त्या कंपनीने कांडीचा अर्धा भाग राखून ठेवण्याऐवजी अख्खी कांडी भरडली होती, हे आधीच कोणाच्या डोळ्यांत सलायला हवे होते. मोठमोठ्या बँकांनी जो प्रश्न विचारला नाही तो आमच्या सात कामगारांनी विचारावा, अशी अपेक्षा आम्ही कशी करावी? पण आम्ही तो विचारायला हवा होता.

आता आमच्या मूळ धंद्याकडे येतो. शोध खरा निघाला म्हणजे सगळ्यांचे कल्याण झाले असे नाही. गारगोटीची धूळ फुप्फुसात जाऊन बसली की निघत नाही. कोलारच्या खाणींत १९४० नंतरच्या काही वर्षांत सुमारे साडेसात हजार कामगारांची तपासणी झाली, तेव्हा शंभरांत चाळीसहून अधिक जणांना सिलिकोसिस आढळला. उपाय अवघड नव्हता : कोरडे भोक न घालता छिद्रणीतून पाणी सोडावे, हवा खेळती ठेवावी, छातीचा फोटो वेळेवर काढावा. आपल्या गिरण्यांतील कापसाच्या धुळीने दमेकरी झालेली माणसे ज्यांनी पाहिली, त्यांना अधिक सांगायला नको. सोन्याचा माग दाखवणारे आर्सेनिक त्या पट्ट्यातील काही गावांच्या पिण्याच्या पाण्यातही आढळले आहे. शोधकाने काढलेला आर्सेनिकचा नकाशा कंपनीच्या कपाटात जातो, तसाच तो गावच्या चावडीवरही लागला पाहिजे.

कोलारची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली, शंभराहून अधिक वर्षांत सुमारे आठशे टन सोने देऊन २००१ सालच्या फेब्रुवारीअखेर बंद झाली. मागे राहिले दळलेल्या दगडाच्या भुकटीचे डोंगर आणि कामगारांची वस्ती. गिरणीचा भोंगा थांबल्यावर गावाचे काय होते, हे सोलापूरला कोणी शिकवायला नको. म्हणून किती सोने आहे हा प्रश्न पुरा नाही. ते किती वर्षे पुरेल आणि संपल्यावर माणसे कुठे जातील, हाही हिशेब पहिल्या भोकाबरोबर मांडायला हवा.

बंधुभगिनींनो, तो पांढरा दगड आजही आमच्या टेबलावर आहे. कोणी शिक्क्याचा कागद घेऊन आला की आम्ही त्याला बसायला सांगतो, चहा देतो आणि विचारतो : नमुना कोणी घेतला? कोठून घेतला? किती घेतले? उरलेला अर्धा भाग कुठे आहे? हे चार प्रश्न आम्हांला सात माणसांच्या पुंजीच्या मोलाने मिळाले. त्या सातांपैकी दोघे आज या सभेत बसले आहेत. त्यांनी आम्हांला कधी बोल लावला नाही. आपणही हे प्रश्न घरी न्यावेत, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.