धुराला वाट द्या



फुप्फुसाच्या कर्करोगाचे नाव निघाले की आपण विडी-सिगारेटला दोष देतो. ते योग्यच आहे. परंतु चीनच्या युनान प्रांतातील शुआनवेई भाग पाहा. १९७०च्या दशकातील पाहणीत तेथील स्त्रियांचे या रोगाने होणारे मृत्युप्रमाण साऱ्या चीनमध्ये अत्यंत वरचे आढळले. आणि या स्त्रिया धूम्रपान जवळजवळ करीतच नव्हत्या!

मग कारण काय? शास्त्रज्ञांनी त्याच भागातील गावांची तुलना केली. जेथे घरात धुराचा दगडी कोळसा जळे, तेथे मृत्यू फार. जेथे लाकूड किंवा बिनधुराचा कोळसा जळे, तेथे कमी. चुलींना धुराडे नसे. स्वयंपाक करणारी आई तोच धूर श्वासात घेई. पुढे अनेक घरांनी धुराडी बसविली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा घरांतील स्त्री-पुरुषांचा धोका ४० टक्क्यांहून अधिक घटलेला दिसला.

विद्यार्थ्यांनो, आकडे नुसते पाठ करू नका. येथे जास्त आणि तेथे कमी का, हे विचारा. पालकहो, रोगाला नशीब म्हणण्यापूर्वी आपल्या चुलीच्या धुराला वाट आहे का, ते पाहा. विडी तर आजच सोडा.