सोळाव्या दिवशी सोडलेली सत्ता



माणूस शेतात राबतो आहे, अंगाला घाम आणि माती लागलेली आहे, आणि अशा वेळी बांधावरून सरकारी माणसांनी हाक मारली तर मनात काय येईल? सारा थकला की काय, हेच ना? इसवी सनापूर्वी ४५८ साली रोमजवळ, टायबर नदीपलीकडे एका शेतकऱ्याला अशीच हाक आली. पण ती माणसं वसुलीला आलेली नव्हती. सगळ्या राज्याचा अधिकार त्याच्या हाती द्यायला आली होती.

ह्या शेतकऱ्याचं नाव सिन्सिनाटस. घराणं मोठं, पण मुलावर खटला झाला, मुलगा जामिनावर असताना पळाला, आणि त्या जामिनाची रक्कम भरण्यात बापाची मालमत्ता गेली. उरली ती जेमतेम अडीच एकर जमीन. रोमचं सैन्य तेव्हा डोंगरात एक्वी नावाच्या शत्रूच्या वेढ्यात सापडलं होतं. सिन्सिनाटसनं बायकोला झोपडीतून अंगवस्त्र आणायला सांगितलं, घाम पुसला, आणि निरोप ऐकून तो निघाला. सैनिकांना त्यानं पाच दिवसांची शिदोरी आणि प्रत्येकी बारा मेखा घेऊन यायला सांगितलं. वेढा घालणाऱ्यांनाच रातोरात मेखांचं कुंपण घालून त्यानं कोंडलं. शरण आलेल्या शत्रूला भाल्यांचं जू करून त्याखालून वाकून जायला लावलं. आणि सोळाव्या दिवशी अधिकार परत करून तो घरी गेला.

आता हा अधिकार कसला, ते नीट समजून घेऊ या. राजांना हाकलल्यावर रोमच्या लोकांनी ठरवलं होतं की एका हाती सत्ता द्यायची नाही. म्हणून दरसाल दोन कॉन्सल निवडायचे. मुदत एक वर्ष, आणि एकाचा हुकूम दुसऱ्याला अडवता येत असे. पण घराला आग लागली असता दोघांचं एकमत होईपर्यंत थांबून कसं चालेल? अशा वेळेसाठी एकच अधिकारी नेमीत. त्याला म्हणत डिक्टेटर. आपण आज हुकूमशहा म्हणतो तो शब्द हाच. मात्र रोममध्ये तो कायद्यानं नेमलेला होता, आणि त्याची मुदत जास्तीत जास्त सहा महिने. सिन्सिनाटसला पुरते साडेपाच महिने शिल्लक होते. ते त्यानं घेतले नाहीत, म्हणून त्याचं नाव राहिलं.

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात ही गोष्ट सांगताना एक खुलासा जरूर करावा. लिव्ही ह्या इतिहासकारानं ती लिहिली ती घडल्यानंतर चारएकशे वर्षांनी. एवढ्या काळात गोष्टीला थोडाफार रंग चढणारच. पण रोमचे लोक आपल्या मुलांना कोणती गोष्ट सांगत होते, हेही इतिहासात मोलाचंच.

मग त्याच रोममध्ये पुढे काय झालं? सैन्यात पूर्वी जमीनदार शेतकरी असत. लढाई संपली की ते आपल्या वावरात परतत. पुढे भूमिहीन माणसं सैन्यात आली. नोकरी संपल्यावर त्यांनी खायचं काय, ह्याची सोय राज्यानं केली नाही. जमीन मिळालीच तर ती सेनापतीच्या वशिल्यानं. साहजिकच सैनिकाची निष्ठा राज्याकडून सेनापतीकडे गेली. इसवी सनापूर्वी ८८ साली सुल्ला आपलं सैन्य घेऊन खुद्द रोमवर चालून आला. ८२ साली तो डिक्टेटर झाला, तोही मुदतीशिवाय, आणि त्यासाठी रीतसर कायदा करून घेतला! पुढे त्यानं आपण होऊन अधिकार सोडला, हे खरं. पण कुंपण एकदा मोडलं की गुरांना वाट माहीत होते. ४४ साली ज्यूलियस सीझर तहहयात डिक्टेटर झाला, आणि त्याच वर्षी १५ मार्चला सिनेटच्या सभेत त्याचा खून झाला. नंतर डिक्टेटर हे पदच कायद्यानं रद्द केलं. उपयोग झाला का? नाही. ऑगस्टसनं ते नाव घेतलं नाही, पण एकेक अधिकार गोळा करून राज्य मात्र एकट्यानं चालवलं.

आता आपण अठराशे वर्षं पुढे, अमेरिकेत येऊ. इंग्रजांशी आठ वर्षं लढून तिथलं सैन्य १७८३ साली न्यूबर्ग ह्या गावी तळ देऊन होतं. पगार थकलेले. पैसे मिळाल्याखेरीज शस्त्रं खाली ठेवायची नाहीत, असं सुचवणारी निनावी पत्रकं अधिकाऱ्यांत फिरू लागली. सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन त्यांच्या सभेत गेले. तारीख होती १५ मार्च, सीझरच्या खुनाचीच. त्यांनी भाषण केलं, मग एक पत्र वाचायला काढलं. अक्षर दिसेना, म्हणून खिशातून चष्मा काढला आणि म्हणाले की देशाच्या चाकरीत केस पांढरे झाले, आता दृष्टीही मंदावली. कित्येक अधिकाऱ्यांचे डोळे भरून आले. बेत तिथंच मोडला.

पण मंडळी, नुसत्या अश्रूंनी पोट भरत नाही. त्याच महिन्यात काँग्रेसनं अधिकाऱ्यांना पाच वर्षांचा पूर्ण पगार देण्याचा ठराव केला. रोमनं जे केलं नाही, ते निदान कागदावर तरी इथं झालं. त्या साली २३ डिसेंबरला वॉशिंग्टन यांनी ॲनापोलिस इथं काँग्रेसपुढे वाकून नमस्कार केला आणि आपली सनद परत दिली. दुसऱ्या दिवशी ते आपल्या शेतावर पोहोचले. लोकांना सिन्सिनाटस आठवला. १७९० साली ओहायो नदीकाठच्या एका गावाला सिन्सिनाटी हे नाव मिळालं.

तरी दोघांना एकाच मापानं मोजू नका. वॉशिंग्टन यांची शेती हजारो एकरांची होती आणि ती गुलामांच्या घामावर चालत असे. १७९९ साली ते वारले तेव्हा तिथं तीनशेहून अधिक गुलाम होते. आपल्या मालकीच्या गुलामांना मुक्त करावं असं त्यांनी मृत्युपत्रात लिहिलं, पण हयातीत ते केलं नाही. राज्याची सत्ता सोडणाऱ्या माणसालाही माणसांवरची मालकी सोडवली नाही, हेही मुलांना सांगितलं पाहिजे.

पुढे वॉशिंग्टन दोनदा राष्ट्राध्यक्ष झाले आणि १७९७ साली आपण होऊन निवृत्त झाले. दोनच वेळा, असा कायदा तेव्हा नव्हता. पण प्रघात पडला, आणि तो जवळजवळ दीडशे वर्षं टिकला. महायुद्धाच्या धामधुमीत, १९४० साली फ्रँकलिन रूझवेल्ट तिसऱ्यांदा निवडून आले, १९४४ साली चौथ्यांदा. आता गंमत पाहा. रोममध्ये प्रघात मोडला तेव्हा कायदा मोडणाऱ्याच्या मागे गेला. अमेरिकेत प्रघात मोडल्यावर तो कायद्यात बांधून घेतला. १९५१ साली बाविसावी घटनादुरुस्ती झाली, आणि दोनपेक्षा अधिक वेळा कुणालाही राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून येता येणार नाही असं ठरलं.

म्हणजे चांगला माणूस पुरेसा, की चांगला कायदा? सिन्सिनाटस एखादाच निपजतो, म्हणून मुदत कागदावर हवी. पण सुल्लाचा कायदाही कागदावरच होता. मुदत संपली की सत्ता परत मागणारे लोक नसतील, तर कागद काय करील?

तेव्हा शाळेत वर्गनायक निवडाल, किंवा एखाद्या मंडळाचा अध्यक्ष निवडाल, तेव्हा हा माणूस काम कसं करील हे विचाराच. पण हा उतरणार केव्हा, आणि उतरला नाही तर आपण काय करणार, हेही त्याच बैठकीत ठरवून टाका. त्या वेळी विचारायला संकोच वाटत नाही. नंतर विचारायला धाडस लागतं.